आव्याचं भोक

कुंभारांच्या एका वस्तीत साऱ्यांचा मिळून मडकी भाजायचा एकच आवा होता. जो तो आपली कच्ची मडकी त्यात रचायचा, वरून चिखलाचा थर द्यायचा आणि भाजून झाली की आपापली काढून न्यायचा. आव्याची राखण म्हाताऱ्या सटवाजीआबांकडे होती. बाजूला लहानसं भोक पाडून आतला निखारा बघायचा आणि लगेच ओल्या चिखलानं ते बुजवायचं, हा मान त्यांचा. वस्तीतला न्यायनिवाडाही तेच करत.

एका सकाळी आवा उघडला आणि बाया किंचाळल्याच. मडकी तडकलेली! बाजूला मुठीएवढं भोक उघडंच राहिलेलं, त्यातून गार वारा आत शिरलेला. शाबूत होती ती फक्त रेवूची मडकी.

रेवू नवरा गेल्यावर माहेरी परतलेली. मागाहून आली म्हणून तिला आव्यात जागा मिळाली होती पार पलीकडच्या टोकाला, त्या भोकापासून लांब. पण हे कुणाच्या ध्यानात येईना. तशीही परतल्यापासून ती पाण्याला निघाली की बोलणी थांबत. ती पुढे गेली की मागे कुजबुज सुरू. मागून कुणी नुसतं खाकरलं तरी ती दचके.

भोक रेवूनंच उघडलं, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं आणि दुपारी आबांनी साऱ्यांना बोलावलं. वस्तीची रीत अशी, की साक्ष देणाऱ्यानं चाकावर हात ठेवायचा आणि 'व्हय' नाहीतर 'न्हाई' एवढंच म्हणायचं. जास्त बोललं की गोंधळ होतो, असं जुन्या लोकांनी ठरवलेलं. दोष शाबीत झाला तर रेवूची आव्यातली जागा जाणार होती. आणि आवाच नाही, तर कुंभारणीची मडकी म्हणजे नुसता वाळलेला चिखल. ती खाणार काय?

"म्हाळू, काल दिवेलागणीला रेवू आव्याकडं गेली होती ना?" आबांनी विचारलं.

"व्हय."

"कोंडाबाई, तुला बघून ती दचकली ना?"

"व्हय."

"आणि हिचीच मडकी तेवढी वाचली ना?"

"व्हय!" सगळे एकदम म्हणाले.

"बघा, कशी मान खाली घालून बसलीय," मागून कुणीतरी टोमणा मारला.

त्यातला एकेक 'व्हय' खरा होता. पण सगळे मिळून जे रचलं गेलं, ते खोटं होतं. रेवूला ते दिसत होतं. ती उठली.

"आबा, मलाबी एक विचारू द्या."

"विचार. उत्तर व्हय-न्हाईतच मिळंल."

"मग काय उपयोग? तुमचा सवाल म्हणजे तयार माठ, आबा. शेवटी 'ना'चा कान तेवढा लावून हातात देता. जो तो कान धरून उचलतो. आत काय आहे, कोण बघतंय? माझ्या सवालाचं तोंड उघडं राहू द्या."

कुणीतरी हसलं. आबांच्या कपाळावर आठी चढली. पण माठाची गोष्ट कुंभाराला कळणारच.

"बरं. विचार."

"काल आव्याजवळ कोण कोण होतं? आणि काय करत होतं?"

आता नुसत्या 'व्हय'वर भागणार नव्हतं.

म्हाळूनं घसा साफ केला. "रेवू शेळी बांधत होती. आव्याला हात न्हाई लावला तिनं."

"मग मघाशी बोलला का न्हाईस?" आबा ओरडले.

"तुम्ही विचारलंच कुठं?"

कोंडाबाईनं पदर सावरला. "आणि... तुम्ही होता, आबा. वाकून आत बघत होता. दिसंना, म्हणून बोटानं भोक मोठं करत होता. मग चिखल लावलात आणि गेलात."

"लावला की! या हातानं लावला!"

सगळे आव्याकडे गेले. चिखलाचा गोळा तिथंच होता. भोकाच्या शेजारी, चांगला वीतभर अंतरावर, धड भिंतीवर थापलेला. त्यावर पंजा उमटला होता. आबांनी आपला हात त्यावर ठेवला. तो बरोबर बसला.

आबांवर कुणी संशय घेतला नव्हता, कारण तसं कुणी विचारलंच नव्हतं. खुद्द त्यांनीही नाही.

पुढच्या वेळी आवा पेटला. आबांनी भोक पाडलं आणि स्वतः बाजूला झाले.

"रेवू, आत काय दिसतंय?" त्यांनी विचारलं. आणि ती सांगेपर्यंत हातात ओला चिखल धरून वाट बघत उभे राहिले.

तात्पर्य: ज्याला आपला संशयच खरा करून घ्यायचा असतो, तो प्रश्नातच उत्तर भरून ठेवतो. ज्याला खरं काय ते हवं असेल, त्यानं उत्तरासाठी जागा मोकळी ठेवून विचारावं.