फक्कीची रिंगणं

"मग पुसता कशाला?"

शलाकानं हे विचारलं तेव्हा लालसूबाबा नाल्याच्या वाळूत उकिडवे बसले होते. वाघिणीचा ताजा ठसा तळहातानं सपाट करत होते.

लालसूबाबा पेंदाम तीस वर्षं जंगलात माग काढत आले. शलाका प्राणिशास्त्र शिकलेली. आश्रमशाळेच्या चौदा पोरांना दर रविवारी नाल्यात नेऊन माग ओळखायला शिकवायची. जे शिकवायची ते बाबांकडूनच घेतलेलं होतं... पुसणं सोडून.

"माग पाहून झाला की पुसायचा," बाबा म्हणाले.

"पण का?"

"माहा बाप पुसे."

"हे उत्तर झालं? तुम्हा म्हाताऱ्यांचं हे असंच! ज्ञान म्हणजे काय तंबाखूची पुडी आहे, कमरेला खोचून ठेवायला? पोरांना दिसू तरी द्या."

बाबा हसले. हात झटकून उठले आणि घरी गेले.

त्या दिवशी शलाकानं शाळेचं कबड्डीचं मैदान आखायची फक्की डब्यात भरून आणली. पुढच्या प्रत्येक ठशाभोवती पांढरं रिंगण घातलं.

"हा माग कुणाचा?" ती ओरडायची.

"वाघिणीचा!"

"कुठं निघाली?"

"डोहाकडं!"

नऊ रिंगणं झाली. नववं चौथीतल्या चैतीनं काढलं, डोहाच्या अगदी काठावर. सगळ्यांत गोल तेच आलं. शलाकानं सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

गुरुवारी वाघीण तारेच्या फासात मेली. फास नवव्या रिंगणाच्या वीतभर पुढं होता.

वनरक्षकानं शलाकाला एवढंच विचारलं, "फक्की तुमचीच ना, ताई?"

पुढच्या रविवारी ती बाबांना घेऊन डोहावर गेली. पोरांना बोलावलं नव्हतं. तरी पोरं मागोमाग आली आणि लांब उभी राहिली.

काठावरची वाळू उकरली गेली होती. वाघिणीनं बराच वेळ झुंज दिली असावी.

"फास लावणारे मागावरून येतात. तुम्हाला माहीत होतं," शलाका म्हणाली.

"होतं."

"मग सांगितलं का नाही? मी विचारलं होतं. तोंडावर विचारलं होतं!"

"मले वाटलं, पाहून शिकशील. मी तसाच शिकलो."

"मी नाही शिकले. आणि ती मेली. एकट्या माझ्या फक्कीनं नाही मेली, बाबा. तुमच्या गप्प बसण्यानंही मेली."

"हो," बाबा म्हणाले.

शलाका भांडायच्या तयारीनं आली होती. आता त्या रागाचं काय करावं, तिला कळेना.

"ताई! बछड्याचा!"

चैती ओरडली होती. ओल्या वाळूत एक छोटा ठसा होता, सकाळचाच. त्याच्यापुढं दुसरा, तिसरा... करवंदाच्या जाळीकडं गेलेले. पिल्लू एकटंच होतं.

चैतीनं डबा आणला होता. शिकवल्याप्रमाणे ती खाली बसली, चिमटीत फक्की घेतली.

शलाकानं धावत जाऊन तिचं मनगट धरलं. फक्की ठशातच सांडली.

"माझ्या रिंगणामुळं मेली का, ताई?"

"रिंगण मी काढायला लावलं होतं," शलाका म्हणाली.

"ती माणसं परत येतील?"

शलाकानं बाबांकडं पाहिलं.

"येतील," बाबा म्हणाले. "वाघिणीचं कातडं नाही भेटलं त्यायले."

शलाका गुडघ्यांवर बसली. बछड्याच्या ठशावर तिनं तळहात ठेवला. मग पोरांना जवळ बोलावलं.

"ती माणसं यावरून जाळीपर्यंत पोचतील. म्हणून पुसायचं. कळलं?"

पोरांनी माना हलवल्या.

चौदा पोरं आणि ती, सगळी वाकून पुढं सरकली; बाबा कडेनं चालत आले. जाळीपर्यंतचा एकेक ठसा पुसला. फक्की वाळूत मिसळून टाकली. कुणी हसलं नाही, कुणी कुणाला ढकललं नाही. चैती पुसलेल्या जागेवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होती. शेवटी शेजारच्या पोरानं तिला ओढून बाजूला घेतलं.

जाळीत काही हललं नाही.

शलाका उठली. तिनं हात झटकले. लालसूबाबा झटकायचे, तसेच.

"झालं," ती म्हणाली. "आता नाही सापडणार कुणाला."

बाबांनी जाळीकडं पाहिलंच नाही. काठी उचलून मागं दाखवलं.

रस्त्यापासून डोहापर्यंत आणि डोहापासून जाळीपर्यंत ओली वाळू तुडवली गेली होती. शाळेतून मिळालेल्या एकाच नक्षीच्या बुटांचे ठसे, चौदा जोड. मध्ये शलाकाच्या बुटांचे मोठे ठसे. कडेला बाबांची अनवाणी पावलं. सगळी सरळ, एका रांगेत, जाळीच्या तोंडाशी येऊन थांबलेली.

"पोरी," बाबा म्हणाले, "हा माग कुणाचा?"