चनबसूचा बैल

गावाला सडक नव्हती, घड्याळ नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. चनबसू हेळवी नावाचा एक माणूस सुगी संपली की बैलावर बसून आमच्या तुरंबवाडीत यायचा. हेळवी म्हणजे लोकांच्या पिढ्या तोंडपाठ ठेवणारे. दारात बैल थांबवायचा, वर बसूनच घराण्याची नावं गायची, सूपभर जोंधळा घ्यायचा आणि पुढच्या दारी जायचं. पण चनबसूचा बैल वेगळा होता. धनी खोटं बोलला की तो खाली बसायचा, असं म्हणतात.

एकदा रायगोंडा पाटलाच्या शेवंताचं लग्न ठरलं. मुलाचे वडील अण्णू इनामदार मिशीला पीळ देत म्हणाले, "मांडवात तुमच्या पिढ्या ऐकीन. सगळे शूर निघाले तर अक्षता, न्हाई तर वऱ्हाड माघारी."

पोरीच्या तर मुलगा मनात भरला होता. "सगळे शूरच होते म्हण," असं म्हणत पाटलानं चनबसूचे पाय धरले.

"मी म्हणीन हो पाटील," चनबसू म्हणाला, "पण बैलाचं काय करू?"

लग्नाच्या दिवशी मांडव गच्च भरला. चनबसूनं सूर लावला, "पाटलांचा मूळपुरुष सातगोंडा घोड्यावरनं आला!" बैल मटकन बसला. "चालत आला!" बैलानं नुसता मागचा भाग उचलला आणि चनबसू घसरून शिंगांपाशी गेला. बिचारा तिथूनच ओरडला, "दुसऱ्याची म्हैस चोरून पळत आला!" बैल ताठ उभा राहिला.

पाटलानं डोक्याला हात लावला. इनामदार पोट धरून हसले. "आता आमचं सांग. आमच्या मूळपुरुषानं वाघ मारला."

चनबसूनं तसं म्हटलं. बैल बसला. "लांडगा मारला." बैल रवंथ करायला लागला. शेवटी चनबसूनं हात जोडले. "इनामदार, तुमचा मूळपुरुष गुराखी. त्याला झाडाखाली झोप लागली, म्हणून तर ती म्हैस चोरीला गेली." बैल उठला, असा उठला की मांडवाचा खांब हलला, असं म्हणतात.

इनामदारांनी पागोटं उचललं, जोडे शोधले. तेवढ्यात बोहल्यावरून शेवंता बोलली, "आमचा चोर, तुमचा झोपाळू. मामंजी, याहून तोलामोलाचं स्थळ कुठं मिळायचं?"

आधी नवरदेव हसला, मग सगळा मांडव, आणि मग इनामदारांनाही हसावंच लागलं. अक्षता पडल्या.

अजून आमच्याकडं लग्न असलं की चनबसूच्या नावानं मांडवात बैल उभा करतात. त्याला पहिली पुरणपोळी घालायची, मगच वरबापानं तोंड उघडायचं. त्यामुळं आमच्या गावातली भाषणं लवकर आटपतात. परवाच एक वरबाप हात जोडून म्हणाला, "आम्हाला फक्त मुलगी आणि नारळ द्या, बाकी काही नको."

बैल बसला.