उरलेला वाटा

माडाखालचे महाराज पुळणवाडीस आले, तेव्हा त्यांनी ना मठ मागितला, ना देऊळ. समुद्रकाठच्या एका वाकड्या माडाखाली बसले, ते बसलेच. नाव कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. बोलण्यावरून घाटावरचे वाटत, इतकंच. आणि भाविक हो, त्या माडाखालची वाळू रोज सकाळी कोण झाडी, ठाऊक आहे? साबाजी. दोन्ही डोळ्यांनी आंधळा! चाळिशीत देवी आल्या आणि त्याचे डोळे घेऊन गेल्या. तो हाताने चाचपत झाडी. एखादी झावळी राहून गेली तर महाराज हळूच पायाने त्याच्या झाडूकडे सरकवीत.

हे पाहून केशव तांडेलाला हसू आवरत नसे. "आंधळो झाडता नि देव बघता! बरी जोडी जमली," असं तो चारचौघांत म्हणे. केशव गावच्या रापणीचा म्होरक्या होता. रापण म्हणजे भलं मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर साऱ्या गावाने किनाऱ्यावरून ओढायचे. केशवची छाती दाराच्या फळीएवढी. बाप जन्माआधीच गेलेला, आई कष्ट करून वारलेली. "मी जल्मात फुकटचो घास खाऊक नाय," हे त्याचं पालुपद. आणि खरं सांगायचं तर, हा त्याचा गर्व पोकळ नव्हता. पहाटेपासून सर्वांत पुढे तोच ओढी.

एके सकाळी बांगड्याची रापण लागली. जाळं असं जड, की दोर हलेना. ओढता ओढता साबाजीचे पाय सुटले, तो पडला, मागचे दोघेही त्याच्यावर आपटले. जाळं कसंबसं वर आलं, पण केशवचं डोकं तापलं ते तापलंच.

"काकानू, आजपासून तुमचो वाटो बंद. जेचो जोर, तेचो वाटो. ह्योच न्याय!"

साबाजी उठून अंगावरची वाळू झाडत होता. त्याचा हात तिथेच थांबला. घरी बायको चंद्रभागा अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली. दोघांची चूल त्या एका वाट्यावर पेटायची. "बरां," तो म्हणाला, "पण चंद्रभागेक काय सांगू?"

मग काय, किनाऱ्यावर कालवा उठला! एक म्हणाला, दोराला हात लागला की सगळ्यांना सारखं मिळायला हवं. जानकी विधवा पुढे आली. "सारखां कसां? माझी चार पोरां, नि ह्यो सारखां म्हणणारो एकटो जीव. दोघांकय एकच वाटो?" ज्याला त्याला आपलाच न्याय खरा. महाराज माडाखालून उठून आले, तेव्हा कुठे आवाज खाली बसले.

महाराज म्हणाले, "केशवा, जोर खरा, सारखेपणा खरा, आणि भूकही खरीच रे. त्यांचं भांडण मी कसं सोडवू? तुमची जुनी रीत आहे ना, ती तेवढी सांभाळा. वाटे तू घाल. नावं साबाजी पुकारील."

रीत अशी होती. तांडेलाने माशांचे सारखे वाटे घालायचे. मग एकाने पाठ करून उभं राहायचं. तांडेल काठी टेकवून विचारी, "ह्यो कोणाचो?" पाठ केलेला नाव घेई, आणि तो वाटा त्याचा. वाटे घालणाराला आपला कुठला ते ठाऊकच नाही, मग लबाडी कोण करील? बरीच वर्षं नावं घेण्याचं काम साबाजीकडे होतं. आंधळ्याला पाठ करायला कशाला लावायचं, म्हणाल तर रीत ती रीत!

साबाजीला वगळून केशवने मोजून चाळीस वाटे घातले. साबाजीने समुद्राकडे तोंड करून चाळीस नावं घेतली. आपलं एकदाही घेतलं नाही. सगळे आपापल्या वाट्याशी उभे राहिले, आणि पाहतात तो काय, एक वाटा उरला!

"मोजूक चुकलंय," असं म्हणून केशवने तो मोडून इतरांत घातला. पुन्हा नावं झाली. पुन्हा एक उरला. तिसऱ्या खेपेला त्याने प्रत्येक वाट्याशी टाचेने खूण केली, मोठ्याने मोजलं, चाळीस म्हणजे चाळीस. नावं संपली आणि वाळूवर ताज्या बांगड्यांचा एक वाटा तसाच चमकत राहिला. माणसांच्या अंगावर काटा आला. जानकीने तर हातच जोडले.

महाराज शांतपणे म्हणाले, "अरे, विचार की. कोणाचा तो?"

केशवने काठी टेकवली. "ह्यो... ह्यो कोणाचो?"

साबाजीच्या तोंडून शब्द आले, "भागीच्या झिलाचो."

आणि लगेच तो घाबरून वळला. "महाराज! ह्या मी बोलूक नाय! भागीक शब्द दिल्लो मी!"

"तू नाही बोललास, बाळा," महाराज म्हणाले. "वाट्यानेच आपला धनी सांगितला."

भागी म्हणजे केशवची आई, भागीरथी; आणि झील म्हणजे मुलगा. केशव बावरून सगळ्यांकडे पाहू लागला. जुनी माणसं मान खाली घालून उभी. शेवटी म्हातारी आवडू पुढे आली. "केशवा, तू पोटात होतंस तेव्हा तुझो बापूस दर्यात गेलो. तू दोराक हात लावीपर्यंत चौदा वरसां ह्या गावान एक वाटो बाजूक काढलो. भागीच्या झिलाचो. तुझी मान खाली जाऊ नये म्हणान तुझ्या आवशीन आमका सगळ्यांका गप बसवल्यान."

चौदा वर्षं! केशवला आईचा पदर आठवला. त्याखाली झाकून ती मासळी आणायची आणि म्हणायची, "मजुरीची हा रे, पोटभर जेव." तो महाराजांच्या पायांवर कोसळला. पण महाराजांनी त्याला खांद्यांना धरून उठवलं, साबाजीकडे वळवलं. "माझ्याकडे काय मागतोस? त्या वाट्याचा धनी आता कोण, ते तुलाच कळतं."

केशवने उरलेला वाटा टोपलीत भरला, साबाजीपुढे ठेवला आणि त्याच्या पायांवर डोकं टेकलं. साबाजीची बोटं त्याच्या केसांवरून चाचपत फिरली.

"कोण रे बाबा?"

सारा गाव ज्याला तांडेल म्हणे, त्याने डोकं वर उचललं नाही.

"भागीचो झील," तो म्हणाला.