सहा भोकांचा बांबू

अगदी खरी गोष्ट, मी स्वतः पाहिलेली. म्हणजे, मी तेव्हा जन्मलो नव्हतो. फार पूर्वी नदीतल्या एका बेटावरचे प्राणी पलीकडच्या काठाला बांबू देऊन दाणे आणत. बेट बोडकं होत चाललं, तरी पोटं अर्धीच भरत.

एकदा ठोकोबा सुतारपक्ष्याला पलीकडे साळुंकीच्या दुकानात बासरी दिसली. त्याने भोकाला डोळा लावला.

"केवढ्याला, मावशी?"

"वीस बांबू," साळुंकी म्हणाली.

"अहो, हा आमचाच बांबू! वर भोकं पडलेला!"

"मग पाडा की तुम्ही."

ठोकोबाने एका सकाळीत चाळीस बासऱ्या टोचल्या. साळुंकीने एक फुंकली, तर ती रेकली.

"भोकं मोजून पाडायची असतात, बाबा."

ठोकोबा वर्षभर मोजत, टोचत, ऐकत बसला. मग एकाच बासरीला वीस बांबूंचे दाणे येऊ लागले आणि बेट पुन्हा हिरवं झालं.

यातलं 'वर्षभर' तेवढं मी बनवलं. त्याला सात वर्षं लागली.