सात छापील प्रमाणपत्रं

चाकणजवळच्या एका कारखान्यात माणसांना चाळीस फूट उंच नेणारा यांत्रिक पाळणा नवाच आला होता. तो सुरक्षित चालवायचं प्रशिक्षण द्यायला रुक्साना मुजावर आल्या, तर मॅनेजर टिपरेसाहेबांनी सात कामगारांची प्रमाणपत्रं आधीच छापून ठेवलेली!

"मॅडम, दोन दिवस काम कोण बंद ठेवणार? सह्या करा, चहा घ्या. बटण दाबलं की पाळणा वर जातो. वर जायला काय शिकायचं असतं?"

सातही कामगार तिथंच उभे होते. रुक्सानाबाईंना संताप आला, पण त्यांनी शांतपणे पेनाचं टोपण काढलं.

"करते सह्या. फक्त तुम्ही एकदा यांच्यातल्या कुणाबरोबर वर जाऊन या."

साहेब ऐटीत पाळण्यात चढले. शेजारी त्या सातांपैकी धोंडिबा रणपिसे उभा राहिला. बटणांवरून बोट फिरवत त्यानं विचारलं, "बाई, ह्यातलं खाली यायचं कुठलं?"

साहेबांनी टुणकन बाहेर उडी मारली.

"तुमचं खरं आहे, साहेब," रुक्सानाबाई म्हणाल्या. "वर जायला कुणालाच शिकावं लागत नाही. मी खाली यायचं शिकवते."

प्रशिक्षण पुरे दोन दिवस चाललं. छापलेली प्रमाणपत्रं मात्र टिपरेसाहेबांनी त्याच दुपारी स्वतःच्या हातांनी फाडली.