महाराजांचा अंगठा आणि म्हशीचं औषध

महाराज भुजंगरावांच्या पायाचा अंगठा सुजून वांग्याएवढा झाला होता. शिकारीत वाघाने पंजा मारला, असं दरबारात सांगितलं गेलं. खरं तर बागेत अनवाणी फिरताना बाभळीचा काटा मोडला होता. राजवैद्यांचे महागडे लेप लावून झाले, पण पू काही थांबेना. शेवटी वैद्यबुवा म्हणाले, "उद्या अंगठा कापावा लागेल."

तेवढ्यात दूध घालायला आलेली येसू गवळण बोलून गेली, "आमच्या चंद्री म्हशीचा खूर असाच पिकला होता. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं धुतला, पाला वाटून हळद घालून बांधला. आता उड्या मारते."

बोलली आणि तिनं जीभ चावली. येसूचं हे नेहमीचंच. डोकं गोठ्यातून निघायच्या आत तोंड राजवाड्यावर पोचलेलं असायचं.

"म्हशीचं औषध आम्हाला?" महाराज कडाडले. "राजाला राजाचं औषध हवं! आजवर कुठल्या जनावराला, कुठल्या माणसाला लावलेलं नाही असं. संध्याकाळपर्यंत आण, नाहीतर म्हशी घे आणि राज्याबाहेर चालती हो."

येसूचं घर, कुरण, सगळं सुटणार होतं. तिला औषध येत होतं ते एकच, तेही म्हशीच्या जिवावर शिकलेलं. "वा गं शहाणे, आणखी बोल," असं ती वाटभर स्वतःलाच सुनावत गेली.

संध्याकाळी ती दोन वाट्या घेऊन आली.

"महाराज, या वाटीत म्हशीचा लेप. आणि या दुसरीत तुम्ही मागितलेला. डोंगरावरचा पाला आहे, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. आजवर कुणाला लावलेला नाही, शपथेवर सांगते."

महाराज खूश झाले. त्यांनी पाय पुढे केला. मग जरा थांबून विचारलं, "यानं होतं काय पण?"

"ते मला कसं ठाऊक असणार, महाराज? आधी तुमच्या अंगठ्याला लावू. पाय शाबूत राहिला, तर मग माझ्या म्हशींना लावीन."

महाराजांनी पाय झटकन मागे घेतला. एकदा या वाटीकडे पाहिलं, एकदा त्या वाटीकडे, आणि पोट धरधरून हसायला लागले.

"आण बाई ती म्हशीचीच वाटी. चंद्रीनं तरी मुकाट्यानं लावून घेतलं. आमच्यापेक्षा तिला अक्कल जास्त."

आठव्या दिवशी महाराज स्वतःच्या पायांनी चालत गोठ्यावर गेले. येसूला सोन्याच्या पाटल्या दिल्या आणि चंद्रीला पोतंभर सरकी.