दिसण्यापुरता रेडिओ

माळावरच्या एका गावात येसबा नावाचा एक भोळा मिस्त्री होता. हात सोन्याचे, पण डोकं देताना देव घाईत असावा. सांगितलेलं तो तंतोतंत करी आणि एकदा ऐकलेलं जन्मात विसरत नसे. खरा घोटाळा तिथंच होता.

त्याच गावात रावसाहेब इंगवले राहत. आजोबांनी त्यांच्यासाठी दोनच गोष्टी मागं ठेवल्या होत्या, एक जुनी मोटार आणि दुसरा तोरा. मोटार अधूनमधून बंद पडे. तोरा कधी बंद पडला नाही.

यंदाच्या जत्रेत जुन्या मोटारींची मिरवणूक निघणार होती. सगळ्यात अस्सल गाडीला चांदीची ढाल. रावसाहेबांनी ढाल टांगायला भिंतीत खिळा आधीच ठोकून घेतला आणि येसबाला बोलावलं.

"गाडी नीट तयार केलीस तर तुला शेजारी बसवून मिरवीन," ते म्हणाले.

येसबाला भरून आलं. त्याला आजवर कुणी मिरवलं नव्हतं. स्वतःच्या वरातीतसुद्धा तो डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालला होता, कारण कुणीतरी "जरा धर" म्हणालं आणि नंतर "ठेव" म्हणायला विसरलं.

गाडीतला जुना रेडिओ मुका झाला होता. रावसाहेब म्हणाले, "याचं तोंड तेवढं जागेवर ठेव. आतलं सगळं काढ. सीटखाली नवा रेडिओ दडव. लोकांना दिसतं ते दिसण्यापुरतं ठेवायचं. समजलं?"

"समजलं जी."

येसबानं तसंच केलं. जुना खटका फिरवला की सीटखालून गाणं लागे. रावसाहेब खूश झाले. "अस्सल म्हणतात ते हेच," ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "भोंगा चकचकीत कर. लांबून दिसला पाहिजे."

येसबानं भोंगा लखलखीत केला आणि आतली पिपाणी काढून टाकली. संध्याकाळी रस्त्यात म्हैस आडवी आली. रावसाहेबांनी भोंगा दाबला. फुस्स झालं. म्हशीनं शांतपणे पाठ खाजवली, गाडीच्या दिव्यावर. दिवा फुटला.

"भोंगा का वाजंना रे?"

"आतलं काढलंय जी. दिसतोय की झ्याक."

"गाढवा, हितनं पुढं मला विचारल्याबिगर काय काढायचं न्हाई."

"न्हाई काढत."

तिसऱ्या दिवशी गाडी जागची हलेना. इंजिन गुरगुरलं, धूर निघाला, दहा माणसांनी ढकललं. येसबा बाजूला उभा राहून बघत होता. शेवटी रावसाहेबांनीच वाकून पाहिलं. पुढच्या चाकाखाली हा एवढा दगड.

"तुला दिसला न्हाई?"

"मीच लावलाय की जी."

"मग काढायचा न्हाईस?"

"तुम्हाला विचारलं नव्हतं."

रावसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, गाडीला जे जे अडवतंय ते ते काढ. आत्ताच विचारलंस असं समज."

येसबानं मान डोलावली. दगड काढला आणि गाडीखाली शिरला. परवानगी मिळाली होती, मग काम अर्धवट कशाला सोडायचं?

मिरवणुकीचा दिवस उजाडला. रावसाहेब फेटा बांधून बसले, शेजारी नव्या टोपीत येसबा. वेशीपासून तळ्यापर्यंत सगळा उतार. खाली तळ्याकाठी मांडव, मांडवात परीक्षक, त्यांच्यासमोर टेबलावर ढाल. रेडिओ गात होता, लोक टाळ्या वाजवत होते. येसबानं टोपी सारखी केली.

मांडव जवळ आला. रावसाहेबांनी ब्रेक दाबला. पुन्हा दाबला. मग त्यावर उभेच राहिले.

"येसबा, ब्रेक?"

"काढला जी. गाडीला तोच अडवत हुता. पायाखालचं पेडल ठेवलंय, दिसायला."

रावसाहेबांनी भोंगा दाबला. फुस्स झालं. पिपाणी परत बसव असं कुणी सांगितलंच नव्हतं.

परीक्षक वह्या टाकून पळाले. टेबल उडालं, ढाल येसबाच्या मांडीवर येऊन पडली, आणि मांडवाचं कापड पांघरून मोटार म्हशींच्या तळ्यात शिरली. सीटखालचा रेडिओ बुडाला. वरचा मात्र अजून छान दिसत होता.

येसबा ढाल घेऊन काठावर आला. रावसाहेब कमरेपर्यंत गाळात रुतले होते, फेटा गळ्यात आणि तोंडात चिखल. लोक दोर घेऊन धावले, तसा येसबा आडवा आला.

"थांबा. त्यांना विचारल्याबिगर काय काढायचं न्हाई." तो वाकला. "रावसाहेब, काढू का?"

रावसाहेबांना बोलता येईना. त्यांनी जिवाच्या आकांतानं दोन्ही हात हलवले.

"नको म्हणत्यात," येसबानं लोकांना सांगितलं, आणि ढाल मांडीवर घेऊन तो काठावर बसला.